हात वर, बोटं चालती : कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर घरी काय करायचं

माझ्या दोन्ही हातांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं, ऑपरेशन झालंय. उजव्याचं आधी, डाव्याचं दोन वर्षांनी. शिवणकाम करणाऱ्या बाईला हे दुखणं नवं नाही. दिवसभर कात्री, संध्याकाळी हातशिलाई, आणि पहाटे तीनला अंगठा नि शेजारची दोन बोटं मुंग्यांनी भरून जाग येते. मग अंधारात बसून हात झटकायचा.

दोन्ही ऑपरेशनं सारखीच झाली. जागेवरची भूल, तळहाताच्या मुळाशी तीन-चार सेंटिमीटरचा छेद, पंधरा-वीस मिनिटं, दुपारी घरी. तरी उजवा हात सावरायला सहा महिने लागले आणि डावा तिसऱ्या महिन्यात कामाला लागला. उजव्याचं दुखणं जास्त मुरलेलं होतं, हे खरंच. पण घरी मी जे केलं त्याचाही त्यात मोठा वाटा होता. पहिल्या वेळी मी हाताला ‘आराम’ दिला म्हणजे तो गळ्यात बांधून दोन दिवस हलवलाच नाही. तिसऱ्या दिवशी बोटं इतकी सुजली की पट्टीच्या कडा कातडीत रुतल्या होत्या, आणि मूठ मिटायला पुढे महिना गेला. दुसऱ्या वेळी फिजिओथेरपिस्ट ताईंनी एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली : हात वर ठेवायचा, पण बोटं थांबवायची नाहीत. पुढे जे लिहितेय ते सगळं या एका वाक्याभोवतीच फिरतं.

आधी एक सावधगिरी. हे कार्पल टनेलसाठी आहे. बोट अडकतं त्या ट्रिगर फिंगरचं किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्या डी क्वेर्व्हेनचं ऑपरेशन झालं असेल, तर यातलं बरंचसं लागू पडेल. पण हाताची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटून शिवली असेल किंवा हाड मोडून तार घातली असेल, तर बोटं हलवण्याचा भाग अजिबात वापरू नका. तिथे एक चुकीची हालचाल शिवलेली कंडरा तोडू शकते. तिथे फक्त तुमच्या डॉक्टरांचा शब्द.

आत नेमकं काय केलं

हे समजलं की पुढचं पथ्य का पाळायचं ते आपोआप कळतं. मनगटाच्या आतल्या बाजूला हाडांची एक पन्हळ आहे आणि तिच्यावर जाड पट्ट्याचं छप्पर. त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि एक नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतू) जाते. आतली जागा कमी झाली की नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग तिच्या ताब्यात असतो. करंगळीची नस वेगळी, म्हणून करंगळीला मुंग्या येत नाहीत. मधुमेह, थायरॉइड कमी असणं, गरोदरपण यांत हे जास्त दिसतं.

ऑपरेशनमध्ये ते छप्पर कापतात. नसेला जागा मिळते. कापलेल्या दोन कडांमध्ये नवा पेशीजाल हळूहळू भरतो आणि पट्टा पुन्हा सांधतो, फक्त आधीपेक्षा सैल. याला काही आठवडे लागतात. म्हणजे बाहेरची जखम दोन आठवड्यांत मिटलेली दिसली तरी आतलं छप्पर अजून कच्चं असतं. कणीक मळायची घाई करणाऱ्यांचं इथेच चुकतं.

आधीचे आठ दिवस

घर एका हाताचं करून ठेवायला एवढा वेळ लागतोच. डाव्या हाताच्या वेळी मी हे सगळं आधी केलं आणि पहिला आठवडा कुणावर न चिडता गेला.

मोबाइलमध्ये दुसऱ्या हाताच्या बोटाचा ठसा नोंदवून ठेवा. उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर सहीची कामं, चेक, बँकेचे फॉर्म आधीच उरका. रोज लागणारी भांडी, चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून ओट्यावर आणा आणि घट्ट झाकणाचे डबे सैल झाकणाच्या डब्यांत रिकामे करा. पोळ्या दोन-तीन आठवडे बाहेरून येतील अशी सोय लावा. पोळीवाल्या मावशींना आधी सांगितलं तर त्या नाही म्हणत नाहीत, ऐन वेळी मात्र त्यांची पंचाईत होते.

कपड्यांत नाडी हा मोठा शत्रू. परकराची किंवा सलवारची नाडी एका हाताने बांधता येत नाही, आणि बाथरूममध्ये उभं राहून रडू येतं. इलॅस्टिक घालून घ्या. मी चार जुन्या परकरांना इलॅस्टिक लावलं, अर्ध्या तासाचं काम. पुढून उघडणारे, मोठ्या बाह्यांचे गाऊन किंवा शर्ट बाहेर काढा. कपडा घालताना ऑपरेशनचा हात आधी आत, काढताना तो शेवटी बाहेर.

अंगठी काढाच. बोट सुजलं की ती कापून काढावी लागते. बांगड्याही उतरवा. सासूबाईंना माझा एक हात मोकळा बघवेना, म्हणून दुसऱ्या हातात दुप्पट हिरव्या बांगड्या भरल्या आणि त्यांचं समाधान झालं. नखं कापा, नेलपॉलिश पुसा, त्या आठवड्यात मेंदी काढू नका. बोटांचा खरा रंग दिसायला हवा, त्याचं कारण पुढे येईलच.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. मधुमेह असेल तर साखर आधीच आटोक्यात आणून घ्या. साखर चढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि पू होण्याची भीती वाढते.

सगळ्यात महत्त्वाचं, चांगल्या हाताने एक दिवस जगून बघा. मला डाव्या हाताच्या वेळी कळलं की खरी अडचण जेवणाची नसते, शौचाची असते. आयुष्यभर डाव्या हाताची सवय. जेट स्प्रे चांगल्या हाताला पोचतो का, तांब्या कुठे ठेवायचा, हे आधी बघून घ्या. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उठताना तळहात जमिनीला टेकवून जोर द्यायची सवय आपल्या लक्षातही येत नाही. तो जोर थेट टाक्यांवर येतो. एक मजबूत स्टूल किंवा पकडायला दांडा चांगल्या हाताच्या बाजूला हवा, नाहीतर दोन आठवडे कमोडची सोय करा. हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी

कागदावर लिहून घ्या : मोठी पट्टी कधी आणि कुणी सोडायची, टाके कधी काढायचे, ते आपोआप विरघळणारे आहेत का, गोळ्या किती वेळाने, मनगटाचा पट्टा घालायचा का, रात्री अडचण आली तर कुठे फोन करायचा. काही डॉक्टर पट्टी दोन-तीन दिवसांत काढून लहान चिकटपट्टी लावतात, काही टाके काढेपर्यंत ठेवतात. दोन्ही बरोबर असतं. शेजारच्या काकूंच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आपल्याला लागू नाही.

पहिली रात्र

भूल उतरायला काही तास लागतात. कोणतं औषध वापरलं त्यावर ते अवलंबून असतं. तोवर हात आपला नसतो. गरम चहाचा कप, गॅस, इस्त्री यांच्याजवळ तो नेऊ नका. भाजलं तरी कळणार नाही. दार लावतानाही बोटं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघा.

दुखण्याची पहिली गोळी भूल पूर्ण उतरायच्या आधी, काहीतरी खाऊन घ्यायची. दुखणं एकदा भडकलं की त्याला आवरायला जास्त वेळ लागतो. बहुतेकांना पॅरासिटामॉलने भागतं. डॉक्टरांनी दिलेल्या वेळा पाळा आणि त्याच काळात सर्दी-तापाची दुसरी गोळी मनाने घेऊ नका. तिच्यातही बरेचदा पॅरासिटामॉलच असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो. सूज उतरवणाऱ्या तीव्र वेदनाशामक गोळ्या घरात पडलेल्या असतात. पित्ताचा, अल्सरचा किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आता हात वर म्हणजे किती वर? हृदयापेक्षा वर. बसलात की सोफ्याच्या हातावर दोन उशा आणि त्यांवर हात, बोटं छताकडे. झोपताना पाठीवर झोपून शेजारी दोन उशा रचा आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात त्यांवर चढता ठेवा. मी उशांना ओढणीने एकत्र बांधलं, नाहीतर मध्यरात्री त्या सरकतात. गालाखाली हात घेऊन झोपायची सवय असेल तर त्या हाताच्या बाजूला तोंड करूच नका. चालताना हात छातीशी, बोटं उलट्या खांद्याकडे. खाली लोंबकळला की दोन मिनिटांत ठणका लागतो, आणि तो ठणकाच आपल्याला शिकवतो.

पहिले दोन-तीन दिवस हे काटेकोर पाळा. गळ्यातली झोळी फक्त बाहेर जाताना, गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून. घरात झोळी घालून बसलं की मनगट कोपराच्या खाली येतं आणि खांदाही आखडतो. माझ्या पहिल्या वेळची चूक हीच.

झोपण्यापूर्वी बोटांची नखं तपासा. नख दाबलं की पांढरं होतं. सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या हाताच्या नखाशी ताडून बघा. म्हणूनच नेलपॉलिश नको.

बोटं चालती ठेवणं

भूल उतरली की पहिल्याच संध्याकाळी सुरुवात. जागं असेपर्यंत दर तासाला, प्रत्येक प्रकार पाच ते दहा वेळा, सावकाश, शेवटच्या स्थितीत पाच आकडे मोजून. टीव्हीवर जाहिराती लागल्या की मी हे करायचे, त्यामुळे घड्याळ बघावं लागलं नाही. हात वरच ठेवून करायचं आणि मनगट सरळ.

पहिली स्थिती, सगळी बोटं सरळ ताठ. दुसरी, आकडा : टोकांचे नि मधले सांधे वाकवायचे, पण तळहाताजवळच्या गाठी सरळ, जणू बोटांच्या टोकांवर पिशवी अडकवलीय. तिसरी, छप्पर : आता उलट, गाठी काटकोनात वाकवायच्या आणि बोटं सरळ ठेवायची. चौथी, सपाट मूठ : बोटांची टोकं तळहाताच्या मुळाकडे न्यायची, नखांजवळचे सांधे सरळच. पाचवी, पूर्ण मूठ, पण आवळायची नाही. पट्टी जाड असेल तर मूठ अर्धीच होईल, तेवढी चालेल. मग अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला लावत करंगळीपर्यंत जायचं, आणि शेवटी बोटं पंख्यासारखी पसरून मिटायची.

हे इतके प्रकार कशासाठी? त्या नऊ कंडरा बोगद्यात एकमेकींवरून सरकत्या राहायला हव्यात. जखम भरताना त्या एकमेकींना किंवा नसेला चिकटल्या की बोटं आखडतात. प्रत्येक स्थितीत वेगवेगळ्या कंडरा वेगवेगळ्या अंतराने सरकतात, त्यामुळे नुसती मूठ उघड-मीट पुरत नाही. थोडं ओढल्यासारखं वाटेल, ते ठीक. तीव्र कळ आली तर थांबायचं.

एक गोष्ट टाळायची : मनगट आतल्या बाजूला वाकवून जोरात पकडणं. छप्पर कापलेलं असताना असं केलं की कंडरा ताणलेल्या दोरीसारख्या वर जखमेकडे येतात. पिळणं, ओढणं, जड पिशवी उचलणं यात नेमकं हेच होतं.

कोपर आणि खांदा विसरू नका. दिवसातून चार-पाच वेळा हात सरळ डोक्यावर नेऊन खाली आणायचा, दहादा. वयस्क माणसांचा खांदा पाहता पाहता धरतो, आणि मग हाताचं ऑपरेशन राहतं बाजूला, खांद्याचंच दुखणं होऊन बसतं.

पट्टी आणि पाणी

पट्टी कोरडी राहायला हवी. आंघोळीला दुधाची पिशवी चांगली उपयोगी पडते. धुऊन पूर्ण वाळवायची, हातावर चढवायची आणि वरच्या टोकाला कागदी चिकटपट्टी गुंडाळायची. रबरबँड घट्ट बसून हात सुजवतो, तो नको. तरीही हात बादलीपासून लांब, वर धरायचा. स्टुलावर बसून चांगल्या हाताने तांब्या. केस धुवायला मात्र कुणाची तरी मदत घ्या. शाम्पूचं पाणी पिशवीत कुठून शिरतं ते कळत नाही.

माझं डाव्या हाताचं ऑपरेशन ऐन पावसाळ्यात झालं. तेव्हा घाम आणि दमट हवेनेच पट्टी ओलसर व्हायची. पंख्याखाली बसा. पट्टी ओली किंवा घाण झाली तर दवाखान्यात जाऊन बदलून घ्या, वाट बघू नका. पहिल्या दिवशी पट्टीवर रुपयाएवढा रक्ताचा डाग पडला तर घाबरू नका. डाग वाढत चालला तर स्वच्छ कापडाने वरून घट्ट दाबून हात उंच धरा, सलग दहा मिनिटं, मध्ये उघडून न बघता. तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन.

पट्टी सोडल्यावर जखमेला हळद, तेल, तूप, बाम काहीही लावायचं नाही. हळदीचं दूध खुशाल प्या. पण टाक्यांच्या भोकांत पूड भरली की ती साफ करताना जखम उकलते, आणि लाली आहे की हळद तेच कळत नाही.

खाण्याचं पथ्य

भात, दही, लिंबू, वांगं खाल्लं की पू होतो असं आमच्याकडेही म्हणाले. पू जंतूंमुळे होतो. वरण-भात, उसळ, दूध, दही, पनीर, अंडं, मासे जे खात असाल ते पोटभर खा. जखम भरायला प्रथिनं लागतात. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्वही लागतं. मधुमेह्यांनी आपलं नेहमीचं पथ्य मात्र पाळावं. तंबाखू, मशेरी आणि सिगारेट या काळात सोडाच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि जखमेला रक्त कमी पोचतं.

उजवा हात अडकला असेल तर डाव्या हातात चमचा घ्या. माझ्या उजव्या हाताच्या वेळी पोळी कुणीतरी आधीच लहान तुकडे करून आमटीत भिजवून द्यायचं. जुन्या माणसांना डाव्या हाताने जेवणं नको वाटतं आणि ती अर्धपोटी उठतात. त्यांच्याशी वाद न घालता चमचा पुढे करावा.

आणि शौचाला खडा होऊ देऊ नका. कोडीनसारखं औषध असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं. पाणी, फळं, पालेभाजी वाढवा.

चौथा दिवस

याला वेगळं शीर्षक दिलं, कारण घात याच दिवशी होतो. दुखणं कमी झालेलं असतं, रात्रीच्या मुंग्या गेलेल्या असतात, कधी नव्हे ती सलग झोप लागलेली असते, आणि वाटतं झालं बरं. पहिल्या वेळी चौथ्या दिवशी मी ओटा पुसला आणि फडकं पिळलं. एकच पिळा. आत काहीतरी चर्र झालं आणि पट्टीवर ताजं रक्त उमटलं. टाका तुटला नव्हता, पण जखमेची कड उघडली होती. टाके चौदाऐवजी एकविसाव्या दिवशी निघाले.

तेव्हा पहिले दोन आठवडे भरलेल्या चहाच्या कपापेक्षा जड काही नाही. कपडा पिळणं, कुकरचं झाकण लावणं, नारळ खवणं, विळीवर चिरणं, लाटणं, मिक्सरचं भांडं फिरवून बसवणं, पाण्याची कळशी, बाळाला उचलणं हे बंद. याउलट जेवताना चमचा धरणं, फोन धरणं, बटण लावणं, कागद उलटणं, हलकं टायपिंग हे सगळं करायचं. हात वापरायचाच आहे, पण जोर न लावता. घरच्यांना ही यादी नीट सांगा. ‘आराम कर’ एवढं म्हणून ते बाजूला होतात आणि सिंकमधली भांडी तशीच राहतात. ती बघवत नाहीत म्हणून आपण उठतो.

डॉक्टरांकडे कधी धावायचं

बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली, नख दाबल्यावर गुलाबी होत नाही, पट्टी आवळल्यासारखी होऊन दुखणं गोळीनेही थांबत नाही, तर हात उंच करा, बाहेरचं गुंडाळलेलं बँडेज सैल करा आणि लगेच निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. भूल उतरायची वेळ उलटून गेल्यावरही नवा बधिरपणा आला किंवा बोट हलेनासं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढतंय, लाली जखमेपासून पसरतेय, पू किंवा वास येतोय, ताप आहे, कोपराकडे लाल रेघ चढतेय, ही जंतुसंसर्गाची लक्षणं. घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊन बघू नका.

आणखी एक लक्षण आहे, जे लोक सोसत बसतात. जखम चांगली दिसते, पण हात कमालीचा दुखतो, नुसतं कापड लागलं तरी आग होते, सूज उतरत नाही, रंग बदलतो, घाम येतो, बोटं आखडत जातात. हे क्वचित होतं, पण होतं. लवकर उपचार सुरू झाले तर फायदा होतो, म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका.

टाके निघाल्यावर

साधारण १० ते १४ दिवसांनी टाके काढतात. आतली कातडी कोरडी, सोलवटलेली निघते, घाबरू नका. डॉक्टरांनी सांगितल्यावर साबण-पाण्याने हलका धुऊन, टिपून कोरडा करा. पण हात पाण्यात बुडवून ठेवणं, भांडी घासणं, पोहणं हे जखम पूर्ण मिटेपर्यंत नको.

खपली निघून जखम बंद झाली, म्हणजे साधारण तिसऱ्या आठवड्यात, की व्रणाला मालिश सुरू करायची. खोबरेल तेलाचा थेंब, चांगल्या हाताचा अंगठा व्रणावर ठेवून बारीक गोल, मग आडवं, मग उभं. वरवर चोळायचं नाही, खालची कातडी हलेल इतपत दाबायचं. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, किमान दोन-तीन महिने. व्रण घट्ट गाठीसारखा लागतो, तो यानेच मऊ पडतो.

व्रणाला स्पर्श सोसत नाही हे बऱ्याच जणांचं होतं. टेबलाची कड लागली तरी शहारा येतो. त्यासाठी ताईंनी सांगितलेला उपाय माझ्या हाताशीच होता : कपडे. पहिल्या दिवशी कापूस, तो व्रणावरून दोन मिनिटं फिरवला. कापूस सोसला की मलमल. मग धुतलेलं सुती, मग खादी, मग टॉवेल, शेवटी जीन्सचा तुकडा. चिंध्यांच्या पिशवीतून मी सहा तुकडे काढून ओळीने टाचले होते आणि आधीचं कापड बोचेनासं झालं की पुढच्यावर जायचे. जीन्सपर्यंत यायला मला सोळा दिवस लागले. परातीत तांदूळ घेऊन त्यात हात घालून फिरवणं हाही त्यातलाच प्रकार. तांदूळ चालले की मूग, मग हरभरे.

ताकद आणि काम

पकडीची ताकद ऑपरेशननंतर आधीपेक्षाही कमी होते. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस खचतो. साधारण तीन महिन्यांत ती पूर्वपदावर येते, कुणाला सहा लागतात. चौथ्या-सहाव्या आठवड्यात, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, मऊ स्पंज दाबायला सुरुवात करा. मग सैल भिजवलेल्या कणकेचा गोळा : दाबायचा, चिमटीत धरायचा, बोटांनी पसरायचा. घट्ट कणीक मळणं ही त्यानंतरची पायरी.

तळहाताच्या मुळाशी, व्रणाच्या दोन्ही बाजूंना दाबलं की दुखतं. खुर्चीवरून हातावर जोर देऊन उठताना ते फार जाणवतं. छप्पर कापल्यावर त्याच्या दोन्ही टोकांवर ताण बदलतो, त्याचं हे दुखणं. ऑपरेशन फसलं असं नाही. बहुतेकांचं ते काही महिन्यांत आपोआप जातं. तोवर जाड मूठ वापरा. मी कात्रीच्या मुठीला आणि पोळपाटाच्या लाटण्याला सुती पट्टी गुंडाळली.

टेबलावरचं काम बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत जमतं. ओझ्याचं, हत्यारांचं काम सहा ते आठ आठवड्यांनी. दुचाकी साधारण तीन-चार आठवड्यांनी, तीही डॉक्टरांना विचारून आणि गाडी स्टँडवर असताना ब्रेक पूर्ण ताकदीने, न कचरता, पाच वेळा दाबता आला तरच. डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्यांनी पहिले चार आठवडे गर्दीची गाडी सोडावी. हिसका बसला की हात आपसूक दांडा पकडतो, तिथे विचाराला वेळच नसतो.

बधिरपणाचं गणित वेगळं. रात्रीच्या मुंग्या अनेकांच्या पहिल्याच आठवड्यात जातात. जुना बधिरपणा मात्र महिनोन्‌महिने हळूहळू ओसरतो, आणि अंगठ्याखालचा उंचवटा वाळलेला असेल तर तो पूर्ण भरून येईलच असं नाही. तोवर गरम भांडं उचलताना बोटांवर विसंबू नका, फडकं घ्याच.

हातशिलाईत कापडाखाली डाव्या तर्जनीचं टोक असतं. सुई आरपार आली की ते आधी सांगतं. माझी ती तर्जनी वर्षभर मुकी होती, म्हणून मी डाव्या बोटातही अंगुस्तान घालायचे. ऑपरेशननंतर नवव्या आठवड्यात ते न घालता एका ब्लाउजला हूक लावत होते. सुई टोचली, आणि मी कळवळून बोट तोंडात घातलं. डावं अंगुस्तान तेव्हापासून बटणांच्या डब्यात पडून आहे.